अँटिबायोटिकसोबत क्रॅनबेरीच्या गोळ्या घेतल्या तर युरिन इन्फेक्शन लवकर बरं होतं का?

नाही होत. क्रॅनबेरी जंतू मारतच नाही. हे इन्फेक्शन बहुतेकदा ज्या जंतूने होतं, त्या ई. कोलायला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाही, एवढंच. एकदा चिकटून जळजळ सुरू झाली की मारायचं काम अँटिबायोटिकचंच.

हे आमच्या वन्संना सांगून माझं तोंड दुखलं. इंदुरात रामबागेत राहतात, दर उन्हाळ्यात हा त्रास ठरलेला. गेल्या खेपेला डॉक्टरांनी लघवीचं कल्चर (कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू, ही तपासणी) करायला सांगून नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक दिलं, 5 दिवस, जेवणानंतर. जळजळ थांबली तशी बाईंनी स्ट्रिप ठेवून दिली. का, तर गोळ्या गरम पडतात आणि लघवी गडद पिवळी होते. अहो, ती त्या गोळीने होतेच! मग भाच्याने दवा बाजारातून क्रॅनबेरी आणि डी-मॅनोजच्या (ही एक प्रकारची साखरच) पुड्या आणल्या, वर सियागंजातून पाकवलेल्या सुक्या क्रॅनबेरी. त्यात साखर किती, ते बघायचंच नाही.

पुढे थंडी वाजून ताप, कमरेच्या वर कळ, उलट्या. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं. रात्री ॲडमिट करून सलाईनमधून औषध द्यावं लागलं. कल्चरचा रिपोर्ट लॅबमध्येच पडून होता; मी जाऊन आणला, तर तीच अर्धवट सोडलेली गोळी लागू पडणारी निघाली. आणि आता हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगतात काय, की क्रॅनबेरी होती म्हणून एवढ्यावर निभावलं!

पुन्हा पुन्हा होत असेल तर मात्र इन्फेक्शन बरं झाल्यावर क्रॅनबेरी जरूर घ्या. 2023 च्या कोक्रेन आढाव्यात (सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) 50 अभ्यास होते; वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये पुन्हा होण्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी दिसला. डब्यावर पीएसी (क्रॅनबेरीतला जंतूंना चिकटू न देणारा घटक) किती ते बघा, बहुतेक अभ्यासांत रोज 36 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. डी-मॅनोजवर पैसे घालवू नका. ब्रिटनमध्ये 598 बायकांवर तपासलं, 2024 साली निकाल आला, म्हणण्यासारखा फरक नाही.

आणि मोठी नणंद सांगते म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका. गोळी खरंच सोसत नसेल तर डॉक्टरांना फोन करा, ते बदलून देतील.

हो, राहिलंच. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू असेल किंवा मुतखड्याचा त्रास असेल तर क्रॅनबेरी विचारल्याशिवाय नको. गरोदर असाल तर घरगुती काहीच नको, आजच दाखवा.