सगळ्या जगाची जाणीव बदलेल, अशी आशा धरणं भाबडेपणाचं आहे का?

तुम्ही विचारलंय की एक दिवस जगभरातली माणसं आतून बदलतील, द्वेष आणि युद्धं मागे पडतील, असं जग डोळ्यांसमोर आणता येतं का.

येतं की. मला खटकतं ते ‘एक दिवस’. २१ डिसेंबर २०१२ आठवतोय? मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या कालगणनेचा हवाला देऊन कुणी जगबुडी होणार म्हणत होतं, कुणी नवं युग सुरू होणार म्हणून ध्यानाला बसलं होतं. २२ तारीख उजाडली ती आदल्या दिवसासारखीच.

जाणीव कशी बदलते, ते गुलामांच्या व्यापारात बघा. अठराव्या शतकात हा उजळ माथ्याने करायचा धंदा होता. १७८७ मध्ये लंडनमध्ये बारा जणांनी त्याविरुद्ध समिती काढली. पुढच्या वर्षी ‘ब्रूक्स’ या गुलामवाहू जहाजाचा आराखडा छापून आला. त्यात जहाजाच्या पोटात, खांद्याला खांदा लावून निजवलेल्या शेकडो माणसांच्या बारीक आकृत्या होत्या. कूस बदलायला जागा नाही. चित्रात कुठलंही भाषण नाही, नुसतं मोजमाप. पण ते चित्र घराघरांत पोचलं. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने व्यापारबंदी फेटाळली, तेव्हा त्या काळच्या अंदाजानुसार तीन लाख लोकांनी गुलामांच्या घामावर पिकलेली साखर सोडली. व्यापारबंदीचा कायदा यायला १८०७ उजाडलं, गुलामगिरी रद्द करणारा कायदा आला १८३३ मध्ये. त्यातही दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली मालकांना! गुलामांच्या हाती छदामही पडला नाही.

म्हणजे बदल झाला, तोही अर्धामुर्धा. गुलामी आजही चालते, पण लपूनछपून. जवळपास कुठलंच सरकार तिची उघड बाजू घेत नाही. कशाची लाज वाटायला लागली, हीच मला खरी खूण वाटते.

त्यासाठी सगळ्यांनी आधी संत व्हायला हवं असंही नाही. अमेरिका आणि सोव्हिएत युनियन एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसले होते, त्याच काळात देवीच्या रोगाच्या निर्मूलनाला दोघांनीही हातभार लावला. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. मनं जुळली नव्हती, तरी काम झालं.

आता माझी कल्पना सांगतो. विमान कोसळलं की आज काय होतं? ब्लॅक बॉक्स शोधतात, एकेक सुटा भाग तपासतात. प्रवासी विमान कुठल्याही देशाचं असो, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्या तपासाचा हेतू पुन्हा अपघात होऊ नये एवढाच असतो. दोष कुणाच्या माथी मारायचा, हा नसतो. त्यातून निघालेले धडे इतर देशांनाही मिळतात. मला असं जग दिसतं, जिथे एखाद्या प्रदेशात मुलं भुकेने मेली की असाच तपास होतो: धान्य कुठे होतं, रस्ता कुणी अडवला, कोणती सही राहिली. माणसं तेव्हाही भांडतील, हेवेदावे करतील, शेजाऱ्याबद्दल कुजबुजतील. त्याला माझी हरकत नाही.

आणि ही सुरुवात युद्धापासून होईल असं मला वाटत नाही, उपासमारीपासून होईल. उपासमारीची बाजू उघडपणे घेणारं सहसा कुणी सापडत नाही. युद्धाची घेणारे अजून पैशाला पासरी आहेत.