रेडीचा समुद्र आणि खाणी एका दिवसात बघून होतात का?

होतात, पण खाण फक्त रस्त्यावरूनच बघायची, आत शिरायचं नाही. माझं आजोळ शेजारच्या शिरोड्याचं, त्यामुळे रेडीला येणं-जाणं कायमचंच. वेंगुर्ले तालुक्यातलं हे गाव लोहखनिजाचं. माती लालभडक, आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या काजूच्या पानांवरही तांबडी धूळ बसलेली असते. गावातल्या बंदरातून हे खनिज बाहेर जायचं. खाणीचा वारसा बघायचा म्हणून कुणी येत नाही, सगळे येतात गणपतीला. पण तो गणपतीच खाणीच्या भागात सापडलेला आहे, 1976 साली. एका ट्रक ड्रायव्हरला दृष्टांत झाला आणि खणल्यावर दोन हातांची मूर्ती निघाली, असं सांगतात. नंतर उंदीरही मिळाला म्हणे.

क्रम असा ठेवा:

- सकाळी गणपती.
- उन्हं चढायच्या आत यशवंतगड. जांभ्या दगडाच्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी पार आवळून टाकलंय. घाई करू नका.
- संध्याकाळी किनारा.

वेळ उरलाच तर तेरेखोलचा किल्ला जवळ आहे. तो गोव्याच्या हद्दीत, पण नदीच्या अलीकडे, म्हणून फेरीबोट लागत नाही.

फक्त पावसाळ्यात येणार असाल तर बेत बदला. गडाच्या पायवाटा शेवाळतात, समुद्र खवळलेला असतो आणि जुन्या खाणींच्या खड्ड्यांत पाणी साचतं. ते तळ्यासारखं निवांत दिसतं, पण काठ ढासळतो, पोरांना तिकडे अजिबात सोडू नका.