आइस हॉकीचा कोच व्हायचंय, आणि राहतो मुलुंडला!

प्रश्न : मुलगा यंदा दहावी झाला. लहानपणापासून स्केटिंग करतो, आता इनलाइन हॉकीत (चाकांच्या स्केट्सवरच्या हॉकीत) बचावफळीत खेळतो. पहाटे उठून एनएचएलचे, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगचे सामने बघतो. 'आधी आइस हॉकी खेळणार, मग कोच होणार' एवढंच धरून बसलाय. कॅनडातल्या एका अकॅडमीचं माहितीपत्रक आलंय, पण त्यासाठी घरावर कर्ज काढावं लागेल. नातेवाईक हसतात. काय करावं? – एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, नातेवाइकांना हसू द्या, पण कर्ज काढू नका.

तिथली मुलं शाळेत जायच्या आधीपासून बर्फावर असतात. सोळाव्या वर्षी जाऊन त्यांना गाठणं जवळपास अशक्य, हे मुलाला स्पष्ट सांगा. कोच होण्याचं दार मात्र त्यामुळे बंद होत नाही.

लॅरी रॉबिन्सनचं नाव त्याला ठाऊक असेलच. एनएचएलमधल्या माँट्रियल संघाचा डिफेन्समन म्हणजे बचावपटू, खेळाडू म्हणून सहा स्टॅनले कप (एनएचएल विजेत्याचा चषक). १९९२ मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सी डेव्हिल्समध्ये साधा सहायक कोच म्हणून रुजू झाला. मग लॉस एंजेलिस किंग्जचा मुख्य कोच झाला; १९९९ मध्ये ती नोकरी गेली, तेव्हा पुन्हा डेव्हिल्सचा सहायक! २००० साली साखळीतले आठ सामने उरले असताना मुख्य कोचला काढलं, संघ याच्या हाती आला आणि कपही आला. २००२ मध्ये त्यालाही नारळ मिळाला. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही कथा. ही नोकरी अशीच असते, हे आत्ताच कळलेलं बरं.

बचावपटू चांगले कोच होतात असं मला वाटतं, कारण समोरून येणारा अख्खा खेळ त्यांना दिसतो. उलटं स्केटिंग करत मागे सरकायचं, नजर पकवर (चेंडूऐवजी असते त्या चकतीवर) नाही तर समोरच्याच्या छातीवर ठेवायची, कारण पक फसवतो, धड फसवत नाही. तुमच्या मुलाला हे जमत असेलच. दहा वर्षांच्या पोराला ते समजावून सांगता येतं का, ते बघा. क्लबच्या सरांना विचारून रविवारची लहान मुलांची बॅच त्याला सांभाळू द्या. दोन-तीन महिन्यांत कंटाळला तर प्रश्नच मिटला.

रमला, तर एकदा हिवाळ्यात लेहला पाठवा. आपल्याकडचं आइस हॉकी तिथेच, गोठलेल्या तळ्यांवर वाढलंय. चाकांवर चार खेळाडू आणि गोली, बर्फावर पाच आणि गोली. थांबायची पद्धतसुद्धा वेगळी. हा फरक त्याला पायांनी कळू दे. तिथल्या खेळाडूंना पोटापाण्याचं विचारू दे. देशातले तगडे संघ लष्कराचे आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलिसांचे), म्हणजे हातात आधी नोकरी आणि मग हॉकी.

आपल्या मुंबईत आज फक्त आइस हॉकीच्या कोचिंगवर घर चालणार नाही. म्हणून अकरावीला त्याला झेपेल ती शाखा घ्या. मला विचाराल तर कॉमर्स किंवा आर्ट्स, म्हणजे सरावाला वेळ उरेल. पदवीनंतर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलं की शाळेत क्रीडाशिक्षक होता येतं. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंगचा डिप्लोमाही चांगला. तिथे हॉकी मैदानावरची शिकवतात, पण सराव कसा आखायचा, दुखापत कशी सांभाळायची हे कुठल्याही खेळात लागतंच. स्केटिंगचे वर्ग तर तो कॉलेजात असतानाच घेऊ शकेल.

अकॅडमीला अॅडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल, तर परताव्याच्या अटी आजच वाचून लेखी अर्ज पाठवा.