घरगुती मसाल्याच्या ब्रँडचं नाव दुसऱ्यानं वापरू नये म्हणून काय करावं? उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) पुरते का?

नाही, पुरत नाही. उद्यम, जीएसटी, अन्न परवाना यांपैकी कशानेही नावावर हक्क मिळत नाही, आणि इथेच खूप जण फसतात. नावासाठी ट्रेडमार्कच, म्हणजे ब्रँडच्या नावाची कायदेशीर नोंदणीच हवी.

ट्रेडमार्कसाठी वस्तूंचे क्रमांकवार वर्ग असतात, मसाले ३० क्रमांकाच्या वर्गात येतात. आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तेच किंवा उच्चाराने जवळचं नाव शोधा. हा शोध फुकट आहे, कंटाळा करू नका. वैयक्तिक अर्जदाराला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचे सवलतीचे ४५०० रुपये लागतात. उद्यम प्रमाणपत्राचा उपयोग होतो तो या सवलतीपुरता. 'कोल्हापुरी मसाला' यासारखं फक्त वर्णन करणारं नाव सहसा अडकतं, म्हणून वेगळं, स्वतःचं नाव घ्या. अर्ज रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर ४ महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. पाकिटावर 'टीएम' (ट्रेडमार्कचा दावा) आजपासून छापता येईल, पण वर्तुळातला 'आर' (नोंदणीकृत असल्याची खूण) नोंदणीआधी छापणं गुन्हा आहे.

लोगोचं चित्र कॉपीराइटमध्ये येतं. ते दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेतलं असेल तर हक्क तुमच्या नावे लिहून घ्या.

आजीच्या पाककृतीला पेटंट मिळणं जवळपास अशक्य, कारण पारंपरिक ज्ञान नवा शोध ठरत नाही. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झालं ते याचमुळे, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडले होते. मसाल्याचं प्रमाण घरातच ठेवा, कामगारांकडून गोपनीयतेचा करार घ्या.