पिठातून सुटावा म्हणून शिकवला, तो पुन्हा पिठाकडेच निघाला

पत्र : "ताई, माझी जिंतूर तालुक्यात पिठाची गिरणी आहे. 22 वर्षं झाली, अंगावरचं पीठ गेलं नाही. हिवाळ्यात खोकला पिच्छा सोडत नाही. लेकानं यंदा मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पहिल्या वर्गात पास झाला. आता संभाजीनगरकडच्या एका रोलर फ्लोअर मिलनं त्याला ट्रेनी म्हणून बोलावलंय. काम म्हणे प्युरिफायर नावाच्या मशीनवर, वाऱ्यानं रवा साफ करायचं. पुण्याला गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात ठेकेदारामार्फतही काम मिळतंय. मी म्हणतो पुण्याला जा, नाहीतर डिग्रीला ॲडमिशन घे. पिठातून सुटावा म्हणून शिकवला आणि हा परत पिठातच निघाला. त्याची आई आणि धाकटी बहीण (ती बारावी सायन्सला आहे) त्याच्याच बाजूनं बोलतात. तुम्हीच सांगा, गिरणीत जायला डिप्लोमा कशाला लागतो?" – एक बाप, जि. परभणी

भाऊ, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमच्या गिरणीत डिप्लोमा लागत नाही, कारण तिथली सगळी विद्या तुमच्या बोटांत आहे. दगड तापला की पिठाचा वास बदलतो, दगडाला छिन्नीची टाकी कधी लावायची, पीठ जाड येतंय की बारीक हे चिमटीत घेऊन कसं ओळखायचं, हे तुम्हाला कुठल्या कॉलेजनं शिकवलेलं नाही. पण तुमची गिरणी दाण्यातलं सगळं एकत्र दळते. कोंडा, आतला गर, अंकुर, सगळं त्याच पिठात. आपल्या पोळीसाठी तेच चांगलं. रोलर मिलचं काम नेमकं उलटं असतं. तिथं पहिल्या झटक्याला दाणा दळायचा नसतो, उघडायचा असतो.

गव्हाच्या दाण्यात साधारण 83 टक्के पांढरा गर, 14 टक्क्यांच्या आसपास कोंडा आणि 2 ते 3 टक्के अंकुर असतो. दाण्याला मधोमध चीर असते, तिच्या आतही कोंडा दुमडलेला. त्यामुळं तांदळासारखं वरून घासून गहू सोलता येत नाही. म्हणून तो खाचा पाडलेल्या दोन रोलांमधून काढून फोडतात, कोंड्याच्या आतून गर खरवडतात, चाळतात, पुन्हा फोडतात. असं चार-पाच वेळा. दर वेळी जो जाडसर माल निघतो त्यात तीन प्रकारचे कण असतात : निव्वळ गराचे म्हणजे रव्याचे, गर चिकटून राहिलेले कोंड्याचे, आणि नुसत्या कोंड्याचे पापुद्रे. अडचण अशी की तिन्ही एकाच मापाचे असतात. चाळणी फक्त माप ओळखते. तिच्यातून तिन्ही सोबतच पडतात, नाहीतर तिन्ही सोबतच वर राहतात.

इथं वाऱ्याचं काम सुरू होतं, आणि हे काम तुमच्या घरातल्या बाईमाणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं आहे. माझी आई उन्हाळ्यात शेवयांसाठी बन्सी गहू काढायची. तो पाण्याचा हात लावून ओलवायचा, कापडात बांधून ठेवायचा, मग भरडायचा. भरड चाळून सपीट वेगळं, रवा वेगळा. आणि तो रवा ती सुपात घेऊन पाखडायची. कोंडा हलका, तो सुपाच्या तोंडाकडं सरकून उडून जायचा. रवा जड, तो मागं कुशीत राहायचा. गहू ओलवायचा का, हे तिला कुणी विचारलं असतं तर 'कोंडा तुटत नाही' एवढंच ती म्हणाली असती. रोलर मिलमध्ये नेमकं त्याच कारणासाठी गव्हाला मोजून पाणी पाजून कित्येक तास मुरवत ठेवतात. कोंडा चिवट होतो, त्याचा चुरा होत नाही, आणि गर सैल सुटतो.

प्युरिफायर म्हणजे हेच सूप, पण न थांबणारं. बंद पेटीत लांबट चाळणी असते, तिला किंचित उतार, आणि ती थरथरत माल पुढं सरकवते. तिची जाळी सुरुवातीला बारीक, पुढं कप्प्याकप्प्यानं मोठ्या छिद्रांची होत जाते. वरून पंखा हवा ओढतो, त्यामुळं वारा खालून जाळीतून वर येतो आणि मालाचा थर त्यावर अर्धवट तरंगतो. तरंगताना तो आपोआप निवडला जातो. निव्वळ रवा जड, तो थराच्या तळाशी जाऊन जाळीतून खाली पडतो. गर चिकटलेले तुकडे मधे राहतात, चाळणीच्या टोकावरून बाहेर पडून पुन्हा रोलवर जातात. कोंड्याचे पापुद्रे सगळ्यात वर. त्यांना हवा उचलून नेते.

मग यात शिकण्यासारखं काय? भाऊ, सगळं शिकण्यासारखंच आहे, आणि तुमच्या लेकाचा डिप्लोमा इथंच लागतो. कोंड्याचा मोठा तुकडा आणि रव्याचा बारीक कण एकाच वाऱ्यात सारखेच तरंगू शकतात. म्हणजे नुसत्या वाऱ्यालाही फसवता येतं. म्हणून प्युरिफायरवर येणारा माल आधी प्लॅनसिफ्टरमधून, म्हणजे एकावर एक रचलेल्या हलत्या चाळण्यांमधून, मापवार वेगळा झालेला असावा लागतो. चाळणी माप सांभाळणार, वारा वजन सांभाळणार. एकानं काम सोडलं की दुसरा लंगडा. तसंच चाळणीवर मालाचा थर सारखा पसरलेला हवा. कुठं जाळी उघडी पडली तर हवा त्या मोकळ्या वाटेनं पळते आणि बाकीच्या चाळणीवर वारा उरत नाही. वारा जास्त झाला तर चांगला रवा कोंड्यासोबत उडून जातो, मालकाचं नुकसान. कमी झाला तर रव्यात तांबूस ठिपके दिसतात, गिऱ्हाईक पोतं परत पाठवतं. प्रत्येक कप्प्याला वेगळी झडप असते. गहू बदलला, ओल बदलली, मागच्या रोलवर कुणी दाब वाढवला, तरी त्या झडपा पुन्हा जुळवाव्या लागतात.

मी काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन अशी एक मिल बघायला गेले होते. प्युरिफायरच्या पेटीत दिवा होता, काचेतून आतला माल नाचताना दिसत होता. तिथल्या मिलरनं चाळणीखालच्या कप्प्यांतून एकेक मूठ रवा काढून फळीवर ओळीनं मांडला. पहिला शुभ्र, पुढचा जरा पिवळसर, शेवटच्यात ठिपके. मग त्यानं एकच झडप बोटभर फिरवली आणि थोड्या वेळानं पुन्हा मुठी काढल्या. ठिपके एक कप्पा मागं सरकले होते. मुलं गप्प झाली. मला त्या क्षणी तुमच्यासारखी माणसं आठवली, जी चिमटीतल्या पिठावरून दगडाची तब्येत सांगतात. तुमच्या लेकाच्या हातात ही जाण घरातूनच आलेली असणार. ती त्याच्या कामी येणार असेल तर ती कमी लेखू नका.

आता तुमची भीती. पिठाची धूळ हा खरा धोका आहे, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पिठाच्या धुळीनं होणारा दमा डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. हवेत पसरलेली धूळ ठिणगी पडली तर पेटते, स्फोटही होतो. हा प्युरिफायर 1860 च्या सुमारास फ्रान्समध्ये आकाराला आला आणि 1870 नंतर अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या गिरण्यांनी तो उचलला. तिथला गहू कडक, कोंडा ठिसूळ, पीठ काळपट व्हायचं आणि भाव पडायचा; या यंत्रानं तोच गहू मोलाचा केला. पण त्याच गावात 2 मे 1878 रोजी वॉशबर्न ए मिलमध्ये धुळीचा स्फोट होऊन 18 माणसं गेली. तेव्हापासून धूळ जागच्या जागी ओढून फिल्टरमध्ये अडवणं हा गिरणीच्या रचनेचाच भाग झाला. चांगल्या मिलमध्ये प्युरिफायर बंद असतो, आत ओढ असते, त्यामुळं धूळ बाहेर यायला नको. म्हणून मिल बघताना मशीन बघू नका, मशीनच्या वरचा पत्रा आणि खिडकीची पट्टी बघा. तिथं बोटभर पीठ साचलेलं असेल, तर त्या मिलमध्ये लेकाला पाठवू नका, पगार कितीही असो. आणि तुमचा खोकला. तो दर हिवाळ्यात येतो म्हणजे सवयीचा झाला असं समजू नका. परभणीला छातीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, तुम्ही पिठाच्या गिरणीत काम करता हे आवर्जून सांगा, आणि दळताना मास्क लावा. नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं शिकून लेकरू एका मशीनला बांधलं जाईल. मला तसं वाटत नाही, आणि माझ्या मताचं मुख्य कारण हेच आहे. वाऱ्यानं दाणा निवडणं ही विद्या मराठवाड्यात जिकडं तिकडं लागते. जालना बियाण्यांचं गाव. तिथं 1964 मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी उभी करणारे बद्रीनारायण बारवाले यांना 1998 चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. बियाण्याच्या प्लांटमध्ये ग्रॅव्हिटी सेपरेटर असतो : तिरक्या, थरथरणाऱ्या जाळीखालून वारा येतो, भरीव बी जाळीला धरून चढाकडं जातं, पोचट बी तरंगून उताराला येतं. प्युरिफायर समजलेल्या मुलाला हे मशीन परकं वाटणार नाही. लातूरच्या दालमिलांमध्ये तुरीचं टरफल वाऱ्यानंच ओढून काढतात, आणि रंगावरून दाणे निवडणाऱ्या सॉर्टेक्स मशीनमध्ये कॅमेऱ्यानं हेरलेला डागी दाणा हवेच्या फटकाऱ्यानंच बाहेर फेकला जातो. पुण्याच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीपटावर तो एकाच मशीनवर एकच पार्ट लावत बसला, तर पाच वर्षांनी तो काय शिकून गावाकडं येईल, हे त्याला विचारा. ती नोकरी कंपनीच्या पटावरची असती तर मी वेगळं बोलले असते.

पण मिलचा कागद आल्याबरोबर त्याला धाडू नका. माझ्याकडच्या एका मुलाला अशाच एका मिलनं ट्रेनी म्हणून नेलं आणि दीड वर्ष पोती मोजायला बसवलं. तो परत आला तेव्हा त्याला रोलमधलं अंतर जुळवता येत नव्हतं. म्हणून विचारा : ही मिल मुख्यतः मैदा काढते की रवा? निव्वळ मैद्याच्या मिलमध्ये प्युरिफायर थोडे असतात, त्यांच्यावाचूनही काम चालवतात. रव्याच्या, विशेषतः बन्सीसारख्या कडक गव्हाच्या रव्याच्या मिलमध्ये त्यांच्यावरच सगळी भिस्त असते. ट्रेनीला गहू साफ करायचा विभाग, रोल, सिफ्टर, प्युरिफायर, लॅब असं सगळीकडं फिरवणार का, आणि किती महिने कुठं, हे लेखी द्या म्हणा. नेमणूकपत्र, पीएफ, ईएसआय, पाळीचे तास हेही लेखी. अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर करार नोंदवा म्हणावं. वर्षाअखेरीस मिळणारं प्रमाणपत्र त्याला पुढं सगळीकडं दाखवता येतं.

डिग्रीचा तुमचा आग्रह चुकीचा नाही. डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि एक-दोन वर्षं काम करून जायलाही वाट मोकळी असते. पण मला त्याच्यासाठी आणखी एक जागा सुचते. म्हैसूरला सीएफटीआरआय ही केंद्र सरकारची अन्नतंत्रज्ञानाची संस्था आहे, 1950 पासूनची. तिच्या आवारात मिलिंग टेक्नॉलॉजीची स्वतंत्र शाळा आहे. तिथं प्रत्यक्ष चालणारी शिकाऊ मिल आहे आणि वर्षभराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम होतो. पात्रतेची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून मगच अर्ज करायचा. एक वर्ष मिलमध्ये हात काळे, नव्हे पांढरे करून तो तिथं गेला, तर काय विचारायचं हे त्याला कळलेलं असेल. नुसती कोरी पाटी घेऊन गेलेल्या मुलापेक्षा तो दुप्पट शिकेल.

आणि तुमच्या धाकटीबद्दल तुम्ही कंसात एक ओळ लिहिलीत, पण तिच्याबद्दल काही विचारलं नाहीत. ती बारावी सायन्सला आहे आणि तुमच्या घरापासून बसनं जाता येईल अशा परभणीला, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. 1976 पासून ते चालू आहे. चार वर्षांचं बी.टेक., प्रवेश एमएचटी-सीईटीतून. त्याच आवारात कृषी अभियांत्रिकीचंही महाविद्यालय आहे. तिला सीईटीचा फॉर्म भरायला लावा आणि एखाद्या दिवशी दोन्ही कॉलेजं दाखवून आणा. भावाच्या बाजूनं ती बोलते याचा अर्थ या विषयात तिचंही मन आहे.

आता शेवटचं एक काम तुमचं. मिलला होकार कळवायच्या आधी त्यांना फोन करून विचारा की बाप-लेक येऊन मिल बघू का. नाही म्हणाले तर तेही उत्तरच आहे. हो म्हणाले तर तुम्ही स्वतः जा, लेकाला एकट्याला पाठवू नका. प्युरिफायरखालचा रवा मुठीत घ्या, शेवटच्या कप्प्यातला माल घ्या, उडालेल्या कोंड्याच्या पोत्यात हात घालून बघा त्यात रवा किती गेलाय. 22 वर्षं पीठ बोटांनी ओळखलंय तुम्ही. तिथल्या मिलरला जे प्रश्न तुम्ही विचाराल ते मला इथं बसून सुचणार नाहीत, आणि तो ते कसे ऐकून घेतो यावरून तुम्हाला कळेल की लेकरू कुणाच्या हाताखाली जातंय.

तुमची,
ताई