इतिहासाचं किती पाठ करायचं?

परीक्षेला पाच आठवडे उरलेले असताना एक विद्यार्थिनी समुपदेशनाला आली. "नक्की किती लक्षात ठेवू? जे सोडीन तेच पेपरात येईल अशी भीती वाटते." तिच्या वहीत पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहाची चार पानं होती आणि जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळ्या हायलाइटरने रंगवलेली होती. म्हणजे निवड अशी झालीच नव्हती.

वही मिटून तिला दहा मिनिटांत एक उत्तर लिहायला सांगितलं: या तहाबद्दल जर्मनीत एवढा रोष का होता? 28 जून 1919 ही तारीख, सह्या झाल्या तो व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसे महाल, अमेरिकेचे विल्सन, फ्रान्सचे क्लेमांसो, ब्रिटनचे लॉइड जॉर्ज, सगळं अचूक आलं. रोषाचं कारण मात्र एका वाक्यात आटोपलं: 'अटी फार कडक होत्या.' पाठांतरात ती कमी पडली नव्हती. तिचे तपशील कुठल्याच मुद्द्याला टेकू देत नव्हते, गुण तिथे जात होते.

मग प्रत्येक तपशिलाला एकच कसोटी लावली: हा खोडला तर कोणता मुद्दा लंगडा पडतो? सैन्य एक लाखापुरतं मर्यादित झालं, हे काढलं तर लष्करी खच्चीकरणाचा मुद्दा पोकळ होतो. 231वं कलम काढलं तर युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या मित्रराष्ट्रांवर टाकली गेली याचा पुरावा जातो. 28 जून काढलं तर या उत्तराचं काहीच बिघडत नाही, 1919 पुरतं. (पहिल्या महायुद्धाची ठिणगी ठरलेली साराजेव्होतली हत्याही 1914च्या 28 जूनचीच. योगायोग विलक्षण आहे, पण इथे तो कामाचा नाही.)

दीर्घोत्तरी प्रश्नासाठी एका घटकाला चार मुद्दे आणि प्रत्येकाला दोन-तीन पुरावे, म्हणजे आठ ते बारा गोष्टी चोख पाठ असणं साधारण पुरेसं असतं. चाळीस पाठ करायला गेलं की आकडे आणि सालं एकमेकांत मिसळतात. जर्मनीने द्यायच्या नुकसानभरपाईचंच बघा. 132 अब्ज सुवर्ण मार्क ही रक्कम 1921 मध्ये ठरली, पण बरेच जण ती 1919च्या तहातच घालतात. आकडा बरोबर असूनही मुद्दा चुकतो.

क्रम मात्र घोकून नाही, कारणांनी बांधावा. भरपाई थकली म्हणून जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने रूहर हा जर्मनीचा औद्योगिक भाग ताब्यात घेतला. त्याविरुद्ध संपावर गेलेल्या तिथल्या कामगारांना पोसायला जर्मन सरकारने आणखी नोटा छापल्या, आधीच वाढलेली महागाई आकाशाला भिडली आणि 1924 मध्ये भरपाईचे हप्ते सोपे करणारी डॉझ योजना आली. ही साखळी समजली की मधली कडी सहसा निसटत नाही.

वस्तुनिष्ठ प्रश्नांचं गणित वेगळं. तिथे नाव किंवा साल हेच उत्तर असतं, त्यामुळे त्या भागाला किती गुण आहेत ते पाहून तेवढ्यापुरती वेगळी कार्डं करावीत. दीर्घोत्तरात आकडा नक्की आठवत नसेल, तर 'शंभर अब्जांहून अधिक' लिहिणं चुकीच्या अचूक आकड्यापेक्षा केव्हाही बरं.

तिने पानाच्या डावीकडे मुद्दे आणि उजवीकडे पुरावे लिहिले. उजवी बाजू झाकून दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने आठवून लिहायचं ठरलं. नुसतं पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो, म्हणून कोऱ्या कागदावर लिहिणं सक्तीचं. 'सोडलेलं आलं तर?' या भीतीवर तिने मागच्या पाच वर्षांचे पेपर घेतले आणि प्रत्येक उत्तराला खरोखर लागलेल्या तपशिलांवर खूण केली. बऱ्याच पिवळ्या ओळींवर एकही खूण पडली नाही.

पुढच्या भेटीत आरसे महालही खोडलेला दिसला. तो मात्र परत लिहायला सांगितला. 1871 मध्ये फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्याची घोषणा झाली ती याच दालनात, हे तिच्या वहीत कुठेच नव्हतं. तिने 'अपमान' या मुद्द्यासमोर दोन्ही सालं लिहिली.