‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’: मराठीत काय लिहावे?

प्रश्न असा आहे. ॲप्लिकेशन सर्व्हर (म्हणजे मशीनवर चालून लोकांना सेवा देणारे सॉफ्टवेअर) सांभाळणाऱ्यांसाठी मराठीत एक मार्गदर्शिका तयार होते आहे. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) दिसणारे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ हे दोन्ही संदेश तिच्यात ‘जोडणी अयशस्वी’ असे लिहिले आहेत. हे चालेल का? आणि ‘पोर्ट’ला (मशीनवरची एकेक सेवा ज्या क्रमांकावर मिळते त्याला) ‘बंदर’ म्हणावे की ‘द्वार’?

‘जोडणी अयशस्वी’ चालणार नाही. ‘जोडणी’ हा शब्द उत्तम आहे. वीजजोडणी, नळजोडणी यांमुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अडचण ‘अयशस्वी’ची आहे. काम झाले नाही, एवढेच तो सांगतो आणि का झाले नाही ते गाळून टाकतो. बिघाड शोधणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

आधी यंत्रात काय घडते ते पाहू, कारण शब्द त्यावरूनच ठरायला हवेत. टीसीपी (दोन मशीनांमध्ये जोडणी जुळवण्याची पद्धत) जोडणी मागणारे मशीन ‘सिन’ नावाचे पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे पुडके, पाठवते. समोरच्या मशीनवर त्या पोर्टपाशी कोणी ऐकत असेल तर ‘सिन-ॲक’ परत येते, मग इकडून ‘ॲक’ जाते आणि जोडणी होते. त्या पोर्टवर कोणीच ऐकत नसेल तर समोरचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ताबडतोब ‘आरएसटी’ हे नकाराचे पॅकेट धाडते. हे झाले ‘रिफ्यूज्ड’. लिनक्समध्ये या त्रुटीचा क्रमांक १११, विंडोजमध्ये १००६१. इथे सहसा क्षणभरात निकाल लागतो.

‘टाइम्ड आउट’मध्ये सिन जाते आणि परत काहीच येत नाही. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार ते पुन्हा पुन्हा पाठवले जाते. १ सेकंदापासून सुरुवात करून थांबण्याचा काळ वाढत जातो, आणि एकूण दोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळाने कर्नल प्रयत्न सोडते. त्रुटी क्रमांक ११०.

पहिल्या प्रकारात समोरून काहीतरी उत्तर आलेले असते, म्हणजे बहुतेक वेळा मशीन चालू असते आणि रस्ताही मोकळा असतो. शोध त्या मशीनवरच घ्यायचा: प्रोसेस (सर्व्हरचा चालता प्रोग्रॅम) चालू आहे का, कोणत्या पोर्टवर ऐकते आहे, कोणत्या पत्त्यावर ऐकते आहे. दुसऱ्या प्रकारात शोध वाटेवर घ्यायचा: फायरवॉल (पॅकेटे तपासून अडवणारा पहारा), रूटिंग (पॅकेटांचा मार्ग), चुकीचा आयपी पत्ता, बंद असलेले मशीन. पॅकेट फायरवॉल गिळत असेल तर ॲप्लिकेशन सर्व्हर कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी फरक पडत नाही. दोन्ही संदेशांना एकच मराठी वाक्य दिले तर वाचणारा चुकीच्या टोकाला खणत बसतो, आणि तेही अर्ध्या रात्री काम बंद पडलेले असताना. म्हणून मला हा मुद्दा निव्वळ शैलीचा वाटत नाही.

माझी सुचवण अशी. ‘रिफ्यूज्ड’साठी ‘जोडणीला नकार मिळाला’, ‘टाइम्ड आउट’साठी ‘जोडणीच्या मागणीला मुदतीत उत्तर मिळाले नाही’.

‘सर्व्हरने जोडणी नाकारली’ असे सरळ का लिहू नये, असे कोणी विचारेल. ते ‘ने’ धोक्याचे आहे. इंग्रजी संदेशात कर्ता नाही, आणि तो नाही हेच बरे आहे. मराठीत ‘ने’ लागला की कोणावर तरी बोट ठेवले जाते. ज्या सर्व्हरवर ते ठेवले जाते तो तर कदाचित चालूच नसतो. नकार दिलेला असतो त्या मशीनच्या कर्नलने. विंडोजचा १००६१चा संदेशही समोरच्या ‘मशीन’ने नकार दिला असेच म्हणतो, त्यात सर्व्हर सॉफ्टवेअरचे नाव नसते. शिवाय नकार देणारी फायरवॉलही असू शकते. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये ‘रिजेक्ट’ हा नियम लावला तर तो ‘पोर्टपर्यंत पोहोचता येत नाही’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधली अडचण कळवणारा) निरोप पाठवतो, आणि मागणाऱ्याला तोही ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणूनच दिसतो. ‘ड्रॉप’ नियम मात्र पॅकेट गुपचूप टाकून देतो, त्यातून टाइमआउट येतो. नकार कोणाचा हे संदेशावरून कळत नसेल, तर मराठी वाक्यानेही ते ठरवून टाकू नये. ‘नाकारली गेली’ हा प्रयोग त्या दृष्टीने बरोबर आहे, पण कानाला कोरडा लागतो. ‘नकार मिळाला’ हे आपले रोजचे बोलणे आहे आणि त्यात कर्ता आपोआप मोकळा राहतो.

इथेच ‘फेटाळणे’ हे क्रियापदही वेगळे राखून ठेवावे असे मला वाटते. याचिका फेटाळतात, अर्ज फेटाळतात, म्हणजे आधी तो हातात घेतलेला असतो. वेबच्या एचटीटीपी पद्धतीतला ४०३ हा त्रुटी-क्रमांक नेमका तसा आहे: जोडणी झाली, विनंती पोहोचली, सर्व्हरला ती समजली आणि मग त्याने ती फेटाळली. तिथे ‘सर्व्हरने विनंती फेटाळली’ हे कर्त्यासकट शोभते.

‘मुदत’ हा शब्द टाइमआउटसाठी योग्य आहे. ‘कालबाह्य’ नको. कालबाह्य म्हणजे काळाच्या मागे पडलेले. रूढी कालबाह्य होते, जोडणी नव्हे. पण ‘मुदत संपली’ एवढेच लिहून सोडू नये, कारण टीएलएस प्रमाणपत्राचीही (सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या ओळखपत्राची) मुदत संपते, लॉगिन सत्राचीही संपते. कशाची मुदत ते लिहायलाच हवे. जावाच्या लॉगमध्ये ‘कनेक्ट टाइम्ड आउट’ आणि ‘रीड टाइम्ड आउट’ असे दोन संदेश येतात. पहिल्यात जोडणीच झालेली नसते. दुसऱ्यात जोडणी झालेली असते, पण पलीकडून अपेक्षित मजकूर वेळेत येत नाही. तेव्हा नेटवर्कपेक्षा आधी डेटाबेसची संथ क्वेरी किंवा अडकून पडलेले थ्रेड पाहावेत. म्हणून दुसऱ्यासाठी ‘जोडणी झाली, पण मुदतीत मजकूर आला नाही’ असे लांब वाक्य लिहिले तरी हरकत नाही. मार्गदर्शिकेत चार शब्द वाढले तरी चालतात.

पुढे एन्जिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी (लोकांच्या विनंत्या घेऊन मागच्या सर्व्हरकडे पोहोचवणारा मध्यस्थ) असला की हाच फरक वेगळ्या वेशात परत येतो. मागच्या ॲप्लिकेशन सर्व्हरकडून नकार मिळाला तर वापरणाऱ्याला ५०२ हा त्रुटी-क्रमांक दिसतो, मुदतीत उत्तर आले नाही तर ५०४.

आता एक शब्द जो प्रश्नात नाही, पण अशा मजकुरात सगळ्यात जास्त घोळ घालतो: ‘बंद’. ‘पोर्ट बंद आहे’ याचे दोन अर्थ होतात, कोणी ऐकत नाही किंवा फायरवॉलने अडवले आहे. एनमॅप हे साधन पोर्टच्या अवस्था ‘ओपन’, ‘क्लोज्ड’, ‘फिल्टर्ड’ अशा वेगळ्या सांगते. मराठीत ‘उघडा’, ‘बंद’, ‘अडवलेला’ असे तीन शब्द ठरवून टाकावेत आणि फायरवॉलच्या बाबतीत ‘बंद’ कधीच वापरू नये. सर्व्हरबाबत तर मराठी इंग्रजीपेक्षा उदार आहे. ‘सर्व्हर बंद केला’ म्हणजे कोणीतरी जाणूनबुजून थांबवला. ‘सर्व्हर बंद पडला’ म्हणजे तो आपणहून कोसळला. ‘सर्व्हर बंद आहे’ यात कारण सांगितलेलेच नाही. घटनेची नोंद लिहिताना ‘केला’ की ‘पडला’ हे लिहिलेच पाहिजे, कारण ‘पडला’ असेल तर मेमरी संपली का, कर्नलने प्रोसेस मारली का, याचा तपास सुरू होतो.

तसेच ‘सुरू’ आणि ‘चालू’. ‘सुरू झाला’ ही घटना, ‘चालू आहे’ ही स्थिती. सर्व्हरची प्रोसेस सुरू होते तेव्हा ॲप्लिकेशन अजून लोड होत असते. सिस्टिमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह’ दाखवत असतानाही पोर्ट उघडलेला नसू शकतो. अशा वेळी ‘प्रोसेस चालू आहे, पोर्ट अजून उघडलेला नाही’ असे लिहावे.

‘लिसन’साठी ‘ऐकणे’ निर्धास्त वापरा. ‘सर्व्हर ८०८० वर ऐकतो’ हे वाक्य आता परके वाटत नाही. त्याचा एक फायदाही आहे: ‘बाइंड’साठी (सर्व्हरने ऐकण्यासाठी पत्ता व पोर्ट ताब्यात घेणे) ‘बांधणे’ची ओढाताण करावी लागत नाही. वाइल्डफ्लाय हा ॲप्लिकेशन सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये १२७.०.०.१ ला बाइंड होतो. त्यामुळे त्याच मशीनवरून ८०८० उघडतो आणि दुसऱ्या मशीनवरून नकार मिळतो. हे ‘सर्व्हर फक्त स्वतःच्या मशीनपुरते ऐकतो’ असे लिहिले की नवख्यालाही कळते, आणि ०.०.०.० म्हणजे ‘मशीनच्या सर्व पत्त्यांवर ऐकतो’. एसएस किंवा नेटस्टॅट या आज्ञांच्या उत्तरात पत्त्याचा हाच स्तंभ पाहायचा असतो.

‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’चे ‘पत्ता आधीच वापरात आहे’ हे भाषांतर मात्र दिशाभूल करते. वाचणारा आयपी पत्ता तपासायला जातो. तिथला ‘ॲड्रेस’ म्हणजे आयपी आणि पोर्ट यांची जोडी, आणि नेहमीच्या कामात तंटा पोर्टचाच असतो: जुनी प्रोसेस मेलेली नसते, किंवा टॉमकॅट आणि वाइल्डफ्लाय हे दोन सर्व्हर दोघेही ८०८० मागत असतात. ‘हा पोर्ट आधीच दुसऱ्या प्रोसेसने घेतला आहे’ असे लिहावे. इथे ‘ने’ हवाच, कारण पुढचे काम ती प्रोसेस शोधण्याचे आहे.

राहिला ‘पोर्ट’. ‘बंदर’ला जहाजे लागतात, ०पासून ६५५३५पर्यंतच्या क्रमांकांशी त्याचा मेळ बसत नाही. ‘द्वार’ ऐकायला बरे वाटते, पण ‘गेटवे’साठीही (दुसऱ्या नेटवर्ककडे नेणाऱ्या यंत्रासाठी) लोक ‘प्रवेशद्वार’ लिहितात, आणि एकाच परिच्छेदात पोर्ट व गेटवे दोन्ही आले की वाचणारा अडखळतो. ‘पोर्ट’च ठेवा, पुल्लिंगी: पोर्ट उघडला, पोर्ट अडवला, आठ हजार ऐंशीचा पोर्ट.